पालखीमागचा खराटा

माउलींच्या सोहळ्यात आमची दिंडी रथामागे चालते. विणेकरी, टाळकरी, डोईवर तुळस घेतलेल्या माउल्या, तशीच तिच्यात खराटेकऱ्यांची एक तुकडी. पहाटे कर्णा वाजतो, तंबू उतरतात, तिसऱ्या कर्ण्याला पालखी हलते आणि रान मोकळं होतं. आमचं काम तिथून सुरू.

या कामाचे मूळपुरुष गाडगेबाबा. देबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बाप दारूपायी गेला, मामाची शेती सावकाराने गिळली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची जातीतली चाल मोडून त्यांनी गोड जेवण वाढलं, ते साधू होण्याच्या कितीतरी आधी. 1905 साली घर सोडलं. म्हणजे आधी सुधारणा, मग संतपण. आणि संतपण लोकांनी दिलेलं, त्यांनी मागितलेलं नव्हे. कुणाला शिष्य केलं नाही, पाया पडू दिलं नाही.

त्यांच्या कामाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. गावात शिरलं की आधी झाडायचं, कीर्तन रात्री. दिवसभर ज्याने आपल्या दारातली घाण उचलली तोच रात्री प्रश्न विचारतो म्हटल्यावर गाव ऐकायचं. आम्हीही हाच क्रम पाळतो. दुपारच्या विसाव्याला जागा साफ झाल्याशिवाय भजनाला उभं राहायचं नाही.

झाडण्यातही पद्धत आहे. जेवणावळीच्या जागी थेट खराटा मारला की ओल्या पत्रावळ्या चिखलात चिकटतात, फाटतात, मग दुप्पट वेळ जातो. म्हणून आधी हाताने पत्रावळ्या उचलून पोत्यात, उष्टं वेगळ्या घमेल्यात, आणि सर्वांत शेवटी खराटा. वारा पाठीशी ठेवून झाडायचं. पाऊस पडून गेलेला असेल तर खराटा बाजूला ठेवा, दाताळं आणि फावडं घ्या. पानांच्या पत्रावळी खड्ड्यात कुजतात. थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्याने शेतात जातात आणि पुढच्या पेरणीपर्यंत शेतकरी वारकऱ्यांच्या नावाने बोटं मोडतो. बरोबरच आहे त्याचं. दिंडीचालकाने भिशी, म्हणजे वारकऱ्यांकडून घ्यायची जेवणखाणाची वर्गणी, ठरवतानाच पत्रावळीचे पैसे त्यात धरले की हा प्रश्न सुटतो.

आता मुक्कामाला शासनाची फिरती शौचालयं असतात, त्यामुळे चित्र पुष्कळ सुधारलं. तरी पहाटे सगळ्यांना एकाच वेळी जायचं असतं, रांग लागते आणि लोक ओढ्याकडे वळतात. शिवाय मैला उपसणाऱ्या गाडीच्या वाटेतच तंबू ठोकलेले असले तर टाक्या सकाळपर्यंत तुंबतात. दहा-बारा फुटांची वाट मोकळी ठेवा म्हणून सांगणारा माणूस तंबू लागतानाच हवा. शौचालयं अपुरी पडतील तिथे चर खणायचा: रुंदी 1 फूट, खोली 2 फूट, विहीर-ओढ्यापासून निदान 100 फूट लांब आणि उताराच्या बाजूला. काढलेली माती कडेलाच ठेवायची, प्रत्येकाने आपल्यापुरती ढकलायची, निघताना वरचा एक फूट दाबून भरायचा. मुरमाड रानात चर टिकतो. माळशिरसच्या पुढे काळी माती लागली की पावसात कडा ढासळतात, चरात पाणी भरतं. तिथे उंचवटा शोधावा, नाहीतर चर खणूच नये.

पाण्यात चूक झाली तर अख्खी दिंडी आजारी पडते. 1000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर. कोरडी पावडर टँकरमध्ये टाकणारे दर वर्षी भेटतात. ती तळाशी बसते आणि वरचं पाणी तसंच राहतं. बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं निवळ तेवढं ओता, अर्धा तास थांबा. मग ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब थोड्या पाण्यात टाकून पाहा, पिवळसर रंग आला तरच प्यायला द्या. वाटेत टँकर पुन्हा भरला तर मात्राही पुन्हा. गढूळ पाण्याला आधी तुरटी, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. आणि पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवा, आषाढातल्या दमट हवेत तिची ताकद झपाट्याने उतरते.

आळंदी आणि पंढरपूर, वाटेच्या दोन्ही टोकांना बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी बांधली. त्या काळी महार-मांग वारकरी इतकं चालून यायचा आणि चोखोबांच्या समाधीपाशी थांबायचा. देऊळ बंद, निवाऱ्याला छप्पर नाही. सानेगुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण केलं तेव्हा देऊळ उघडलं. ही धर्मशाळा बाबांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. वारीच्या इतिहासात या इमारतीइतकं मोठं काम फार थोड्यांनी केलं असेल, असं आमचं मत आहे. इतर धर्मशाळांच्या चाव्याही बाबांनी स्वतःकडे ठेवल्या नाहीत, कारभार विश्वस्तांकडे दिला.

ते स्वतः आषाढी-कार्तिकीला यायचे, देवळात न जाता चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे आणि रात्री तिथेच ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर लावायचे. कर्ज काढून सण करू नका, नवससायासाला कोंबडं-बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, असा कीर्तनाचा विषय.

वाळवंटातलं खरं काम एकादशीला नसतं. द्वादशीला बारस सोडून गर्दी परतते, तेव्हा वाळूत कपडे, पत्रावळ्या, निर्माल्य यांचा थर उरतो आणि हात कमी पडतात. पालख्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबतात. खराटेकऱ्यांनीही परतीची तिकिटं त्यानंतरचीच काढावीत. येताना जाड हातमोजे, पोती आणि निदान दोन दाताळी आणा. खराटे पंढरपुरात मिळतात.