न करायचा फोन

लोअर परळच्या त्या ऑफिसात मी गेले होते अंदाज बांधणारं संगणकाचं मॉडेल तपासायला. कंपनीच्या व्यायामशाळा मुंबईभर. सभासदांच्या कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापले जातात. सभासदत्व कोण सोडेल याचा अंदाज मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकाने, काढायचा आणि यादीत वर असलेल्यांना फोन करून सवलत द्यायची, अशी पद्धत. अंदाज खरंच चांगले होते. गळती मात्र थांबत नव्हती. "मॅडम, अजून अचूक करून द्या," एवढीच मॅनेजरांची मागणी.

मला शंका वेगळीच होती. कोण जाणार आणि फोनमुळे कोण थांबणार, हे दोन निराळे प्रश्न. ज्याला फोन केला, तोच माणूस फोन आला नसता तर कसा वागला असता, हे कोणालाच दिसत नाही. संख्याशास्त्रज्ञ पॉल हॉलंड यांनी 1986 साली कार्यकारणाच्या अभ्यासातली मूळ अडचण म्हटलं ते यालाच. मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे.

दुपारी फोन करणाऱ्या मुलींजवळ जाऊन बसले. त्यातली एक हळूच म्हणाली, "मॅडम, काही जण माझ्या फोनमुळेच सोडतात. 'अजून पैसे जातायत? बंद करा आधी!' म्हणतात."

मी यादी पुन्हा उघडली. सगळ्यात वर कोण, तर दोन-दोन महिने न फिरकलेले. म्हणजे मॉडेल जितकं अचूक, तितके आम्ही नेमक्या विसरलेल्यांना जागं करत होतो! मार्केटिंगच्या संशोधक एव्हा अस्कार्झा यांनी 2018 साली प्रत्यक्ष प्रयोगांतून दाखवलं होतं, की जाण्याचा धोका बघून नव्हे, सवलतीने कोणाचं मन वळेल हे बघून माणसं निवडावीत. ते मला पाठ होतं. पण त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मॅनेजरांना म्हटलं, महिनाभर चिठ्ठ्या टाका, यादीतल्या निम्म्यांना फोनच करू नका. "आणि ते गेले तर?" यावर तासभर वाद झाला. शेवटी तयार झाले.

निघताना ती मुलगी लिफ्टपाशी आली. "मग मॅडम, विसरलेत त्यांना विसरूच द्यायचं? त्यांचे पैसे तर जातच राहणार."

लोकलमध्ये मला दुसरं काही सुचेना. घरी येऊन प्रयोगाच्या आराखड्यात एक रकाना वाढवला: फोननंतर सभासद पुन्हा व्यायामाला आला का?