ड्यूकची अठरा वर्षांची पोरं आणि ह्यूस्टनचे तेवीस वर्षांचे गडी

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात ड्यूक विद्यापीठाचं बास्केटबॉलचं कॅमेरन इनडोअर स्टेडियम आहे. १९४० साली उघडलेलं, जेमतेम ९,३१४ प्रेक्षकांचं. २०२४-२५ च्या हंगामात इथे पदवीच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे फ्रेशमन मुलांची एक विलक्षण तुकडी खेळली. मेन राज्यातला ६ फूट ९ इंचांचा कूपर फ्लॅग, विस्कॉन्सिनचा नेमबाज कॉन कनिपल आणि दक्षिण सुदानचा ७ फूट २ इंचांचा खमान मालुआच हे तिघे सुरुवातीच्या पाचात. जूनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ते पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या क्रमांकावर निवडले गेले. संघाने ३५ सामने जिंकले, चार हरले. कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मात्र मिळालं नाही.

अशी मुलं कॉलेजात एकच वर्ष का थांबतात? एनबीएचा नियम तसा आहे. ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला १९ वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि अमेरिकेतल्या मुलाची शाळा सुटून एक वर्ष उलटावं लागतं. फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. आणखी अकरा दिवसांनी जन्मला असता तर २०२५ च्या ड्राफ्टला तो पात्रच ठरला नसता. शाळा त्याने एक वर्ष आधी संपवली होती, त्यामुळे पहिला सामना खेळला तेव्हा तो फक्त सतरा वर्षांचा होता.

या मुलांना घडवायला प्रशिक्षकाकडे किती वेळ असतो, हे भारतातून हायलाइट्स बघताना लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आठ आठवडे, आठवड्याला आठच तास. हंगाम सुरू झाला की दिवसाला जास्तीत जास्त चार तास, आठवड्याला वीस, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. तेवढ्यात संघाचा बचाव शिकवायचा. शॉट मारणं ही मुलं शिकूनच आलेली असतात. पण समोरून स्क्रीन (वाट अडवायला उभा राहणारा प्रतिस्पर्धी) येतोय हे ओरडून सांगणं, अडवायचा माणूस बदलायचा की आपल्याच माणसामागे राहायचं हे क्षणात ठरवणं, चेंडू पलीकडे असताना दोन पावलं आत सरकून उभं राहणं, याची शाळेत त्यांना गरजच पडलेली नसते, कारण उंची आणि उडी सगळं झाकून टाकते.

रिबाउंडचं, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याचंही तसंच. शॉट सुटला की आधी आपला माणूस शोधायचा, त्याला हाताने टेकायचं, वळायचं, कमरेत बसून त्याला पाठीवर धरायचं, आणि मग वर बघायचं. शाळेतला सर्वांत उंच मुलगा थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो, कारण तिथे तेवढं पुरतं. ५ एप्रिल २०२५ ला सॅन अँटोनियोत, राष्ट्रीय स्पर्धेच्या ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ते पुरलं नाही. ह्यूस्टनचा जे'वॉन रॉबर्ट्स कॉलेजातल्या सहाव्या वर्षाला होता, मालुआचपेक्षा बराच बुटका, पण कंबर खाली ठेवून जागा अडवण्यात पक्का. मालुआचच्या नावावर त्या सामन्यात एकही रिबाउंड नाही.

सामना शेवटी निसटला कसा, हे नीट सांगायला हवं, कारण ‘पोरं घाबरली’ असं सोपं उत्तर फार ऐकू येतं. उत्तरार्धात ड्यूक १४ गुणांनी पुढे होतं. शेवटच्या ३५ सेकंदांतही आघाडी सहाची होती. ह्यूस्टनने तीन गुणांचा शॉट मारला, लगेच ड्यूकचा बाहेरून आत येणारा पास पळवला आणि हुकलेल्या शॉटवर डंक करून, म्हणजे चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबून, फरक एकावर आणला. तो पास टाकणारा सायन जेम्स टुलेन विद्यापीठातून बदली होऊन आलेला, संघातल्या सर्वांत अनुभवींपैकी. पुढचा फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट, चुकला टायरीस प्रॉक्टरचा, तो तिसऱ्या वर्षाचा. समोरच्या संघाच्या फाऊलची संख्या त्या अर्धात सातवर गेली की मिळतो तो ‘वन-अँड-वन’: पहिला घातला तरच दुसरा मिळतो. पहिलाच हुकला आणि त्या रिबाउंडवर फ्लॅगचा रॉबर्ट्सवर फाऊल दिला गेला. रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो घातले, फ्लॅगचा पुढचा शॉट रिंगला लागून बाहेर आला. अंतिम निकाल ह्यूस्टनच्या बाजूने ७०-६७. फ्लॅगचे २७ गुण होते. ‘फ्रेशमनमुळे हरले’ हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अख्खा संघच एका चिवट, वयाने मोठ्या संघापुढे दमला.

मग अशी तुकडी जिंकते कधी? २०१२ चं विजेतं केंटकी विद्यापीठ बघा. अंतिम सामन्यात फ्रेशमन अँथनी डेव्हिसने दहापैकी एकच शॉट घातला, गुण फक्त सहा. पण १६ रिबाउंड, सहा ब्लॉक (हाताने अडवलेले शॉट), आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच. २०१५ च्या ड्यूकने विस्कॉन्सिनला ६८-६३ हरवलं, त्यातले ६० गुण चार फ्रेशमननी केले. तरी त्या हंगामात क्विन कुक या चौथ्या वर्षाच्या कर्णधाराने चेंडू टायस जोन्सच्या हाती सोपवून स्वतः बाजूची जागा घेतली होती. मोठ्याने अशी जागा सोडणं मला गुणांइतकंच मोलाचं वाटतं. उलट २०१४ च्या केंटकीचे सुरुवातीचे पाचही खेळाडू फ्रेशमन होते, ते अंतिम सामन्यापर्यंत आले आणि कनेक्टिकटकडून ६०-५४ हरले.

पैशाची एक गोष्ट आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात. पण परदेशी खेळाडू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल तर अमेरिकेत काम करण्यावरचे निर्बंध त्यालाही लागू. शेजारी उभा असलेला अमेरिकन मुलगा सहज जी जाहिरात करतो, तीच करताना त्याला आधी वकील गाठावा लागतो.

अशी एखादी नवी तुकडी बघायची तर मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेची वाट बघू नका, नोव्हेंबरपासून बघा. सामने भारतात पहाटे किंवा सकाळी दिसतात. पूर्वार्धात फ्रेशमनचे दोन फाऊल झाले का, हे आधी बघा. पाच फाऊलला खेळाडू बाद, म्हणून दुसऱ्यानंतर प्रशिक्षक बहुतेक वेळा त्याला बसवतो. मग चेंडूवरून नजर काढून उंच मुलाच्या पायांकडे न्या. शॉट सुटल्यावर तो आधी माणसाकडे वळतो की चेंडूकडे, याची जानेवारीत पुन्हा तुलना करा.