समेवरचा मुका ठोकळा

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणकखेळात नोट ब्लॉक नावाचा एक ठोकळा आहे. त्याला रेडस्टोनचा, म्हणजे त्या खेळातल्या विजेचा, प्रवाह मिळाला की तो एकच स्वर वाजवतो, आणि माउसची उजवी कळ दाबत गेले की तो स्वर दर दाबाला पेटीच्या एका पट्टीइतका चढतो. एका ठोकळ्यात असे 25 स्वर मिळतात आणि त्यांतला सर्वांत खालचा, म्हणजे शून्य दाबांचा स्वर काळी तीनचा असतो. मी षड्ज पाच दाबांवर, पांढरी सातवर धरला. त्यामुळे शून्यावर मंद्र पंचम आणि चोवीसवर तार पंचम येतो, आणि भूप रागाच्या साध्या सरगमीला तेवढी जागा पुरते.

सोळा मात्रांच्या तीनतालातील तीन आवर्तने बसवायची असे मी ठरवले होते. एक रिपीटर, म्हणजे प्रवाह ठरावीक उशिराने पुढे देणारा भाग, त्याच्यापुढे नोट ब्लॉक, पुन्हा रिपीटर, पुन्हा नोट ब्लॉक अशी मांडणी केली आणि प्रत्येक रिपीटर चार टिकांवर ठेवला. रेडस्टोनची एक टिक 0.1 सेकंदाची असल्यामुळे एका मात्रेला 0.4 सेकंद लागतात आणि मिनिटाला 150 मात्रा होतात. पहिल्या प्रयत्नात सगळी सरगम दोन सप्तके खाली घुमू लागली, कारण मी ती लाकडी फळ्यांवर रचली होती आणि नोट ब्लॉकचे वाद्य त्याच्या खालच्या ठोकळ्यावरून ठरते. फळ्या काढून माती घातली. शोभेसाठी वर अंथरलेला गालिचाही काढावा लागला, कारण डोक्यावरची जागा मोकळी नसेल तर हा ठोकळा वाजतच नाही. हे दोन्ही दोष पाच मिनिटांत निघाले.

खरा घोळ पुढे झाला. एका मात्रेला दोन ठोकळे, म्हणून 48 मात्रांची सरळ रांग 96 ठोकळ्यांची झाली, आणि नोट ब्लॉकचा आवाज तर 48 ठोकळ्यांपलीकडे पोहोचत नाही. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचे काहीच ऐकू येत नसे. म्हणून मी रांग नागमोडी दुमडली आणि प्रत्येकी एका आवर्तनाच्या तीन रांगा एकमेकींना अगदी चिकटवून ठेवल्या. जागा वाचली याचा मला आनंद झाला, हे येथे कबूल केले पाहिजे.

माझी मावशी चाळीस वर्षे पेटी वाजवते. तिला शेजारी बसवून बटण दाबले. तिन्ही आवर्तने संपताच ती म्हणाली, “अरे, सोळाव्या मात्रेवर दोन स्वर आले आणि समेवर काहीच नाही. आणि मधल्या आवर्तनात एवढी गर्दी कसली?” मला गर्दी जाणवली होती, पण मुकी सम, म्हणजे आवर्तनाची गप्प राहिलेली पहिली मात्रा, माझ्या लक्षात आली नव्हती.

मी दोष बटणाला दिला. दगडी बटणाचा प्रवाह एक सेकंद टिकतो आणि तेवढ्यात अडीच मात्रा होतात. त्याऐवजी लिव्हर, म्हणजे खटका, आणि तिच्यावर नजर ठेवून ती हलली की क्षणभरच प्रवाह सोडणारा ऑब्झर्व्हर लावून प्रवाह आखूड केला, तेव्हा सम वाजली खरी, पण आता ती दोनदा वाजली, एकदा सोळाव्या मात्रेबरोबर आणि एकदा आपल्या जागी. म्हणजे मी लक्षण दडपले होते, रोग तसाच होता.

मग जुने बटण परत बसवले आणि खेळच विलंबित लयीत नेला. जावा आवृत्ती 1.20.3 पासून खेळाचा वेग बदलणारा ‘टिक रेट’ हा आदेश मिळतो. एरवी सेकंदाला स्वतःच्या 20 टिका (रेडस्टोनची एक टिक म्हणजे अशा दोन) चालणारा खेळ मी पाचवर आणला, त्यामुळे एक मात्रा 1.6 सेकंदांची झाली आणि स्वर मात्र तेच राहिले. समोरच्या ठोकळ्याची स्थिती पडद्यावर दाखवणारी एफ तीनची कळ दाबून सतराव्या, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाच्या समेच्या ठोकळ्याकडे पाहत राहिलो. सोळावा वाजला त्याच क्षणी, सतराव्याकडे जाणारा रिपीटर अजून विझलेला असतानाच, पडद्यावर सतराव्यापुढे ‘पॉवर्ड, ट्रू’, म्हणजे प्रवाह मिळाला, असे उमटले.

रिपीटर ज्या ठोकळ्यात थेट प्रवाह सोडतो तो ठोकळा स्वतः भारला जातो आणि त्याला चिकटलेल्या नोट ब्लॉकलाही वाजवतो. पहिल्या रांगेचा सोळावा आणि दुसऱ्या रांगेचा सतरावा शेजारी शेजारी होते. सोळाव्याने सतराव्याला मात्राभर आधी वाजवले आणि पुढे सेकंदभर चालू ठेवले. नोट ब्लॉक बंदचा चालू होतानाच वाजतो, त्यामुळे स्वतःची पाळी आली तेव्हा आधीच चालू असलेला सतरावा गप्प राहिला. असा शेजाऱ्यामुळे चालू झालेला ठोकळा पुढच्या रिपीटरला मात्र काही देत नाही, म्हणून उपरा स्वर उमटूनही साखळी पुढे धावत नव्हती आणि मी इतके दिवस फसलो. मधल्या रांगेला दोन्ही बाजूंनी शेजार होता, त्यामुळे तिथे एका वेळी तीन तीन स्वर.

दोन रांगांमध्ये एकेका ठोकळ्याची मोकळी जागा सोडली आणि गर्दी संपली. मावशीने पुन्हा ऐकले आणि म्हणाली, “सम आली, पण लंगडत आली.” वळणावर एकाऐवजी दोन रिपीटर लागतात. पहिला चारवर होता आणि दुसरा, जसा ठेवला तसाच, एकवर राहिला होता, म्हणून तेवढी एक मात्रा 0.5 सेकंदांची झाली होती. पहिला तीनवर आणल्यावर बेरीज चार झाली. एक दशांश सेकंदाचा हा फरक मला चार वेळा ऐकूनही कळला नव्हता.

शेवटी दुसऱ्या आवर्तनाच्या पाचव्या मात्रेवर तिला मध्यम ऐकू आला. भूपात मध्यम नाही. गंधारासाठी नऊ दाब हवे होते, माझे दहा झाले होते, आणि या ठोकळ्यात मागे जाण्याची सोय नाही. चोवीसनंतर तो पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा एक दाब परत घ्यायला चोवीस दाब द्यावे लागतात. मी मोजत मोजत दाबले आणि वाजवून पाहिले.

“हा कोमल गंधार,” मावशी म्हणाली. “अजून एक.”