तिथीची पाऊणपट

"काय मजा आहे हो तुमची! मागच्या दारी समुद्र. रोज सकाळी बीचवर धावत असाल!"

आमच्याकडे राहायला येणाऱ्या पाहुण्यांत एक तरी जण हे म्हणतोच. मी चहाची किटली घेऊन पडवीत येते, कठड्यावर उन्हाला ठेवलेले माझे बूट त्यांना दिसतात, आणि मग ही बाई धावते याचं आश्चर्य सुरू होतं. मी "जाते कधीकधी" म्हणते आणि आत पळते, कारण तव्यावर घावन असतं. घावन करपवून खरं उत्तर देणं मला परवडत नाही. आज कुणी उतरलेलं नाही, तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

रोज नाही. महिन्यातून दहा-बारा दिवस. ते दिवस कोणते, हे स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात बघावं लागतं.

आमचं गाव गुहागर. कागदोपत्री नगरपंचायत आहे, पण आम्ही गावच म्हणतो. एक लांबलचक रस्ता, त्याला लागून घरं, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूची झाडं आणि मग पुळण. पाहुणे बीच म्हणतात, ती ही पुळण. साधारण सहा किलोमीटर सलग वाळू, दक्षिणेला असगोलीकडे संपते. नकाशात बघणाऱ्याला वाटतं, धावणाऱ्यासाठी देवानेच आखलेली पट्टी आहे ही. मलाही तसंच वाटलं होतं.

मी धावायला लागले अडतिसाव्या वर्षी, तेही दुसऱ्याच्या बुटांत. एक पाहुणी तिचे बूट विसरून गेली. मी फोन केला तर म्हणाली, "राहू द्या हो काकू, तुम्हीच वापरा." बोटभर मोठे होते, पुढे कापूस घातला. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला ओढणी कमरेला बांधून थेट पुळणीवर उतरले आणि चारशे पावलांत बसले. कोरडी, भुसभुशीत वाळू. पाऊल टाकावं तर ते मागेच सरकतं. अशा वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते, हे मी नंतर कुठेतरी वाचलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की आपलं वय झालं.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभराने एकदा सहज गेले तर पाणी पार लांब गेलेलं, मधे डांबरी रस्त्यासारखी सपाट, ओली, घट्ट वाळू. दीड किलोमीटर न थांबता झालं. मला वाटलं, आठवड्यात दम वाढला! दहा दिवसांनी पुन्हा चारशे पावलांत बसले.

हे कोडं सोडवलं मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी. त्या असगोलीच्या, खारव्यांच्या घरातल्या. ओट्यावर टोपली टेकवून त्या बांगडे निवडून देत होत्या आणि मी रडगाणं गात होते. त्या म्हणाल्या, "बाय, घड्याळ कशाला बघतेस? तिथी बघ. तिथीची पाऊणपट कर."

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचे तीन चतुर्थांश करायचे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, गणित तेच, दर पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणीही त्याच्यामागून तितकंच उशिरा येतं, त्यातून ही पाऊणपट निघाली. अर्ध्या-पाऊण तासाची चूक होते. माझ्या फोनमध्ये आता भरतीच्या वेळा मिनिटासकट दाखवणारं अ‍ॅप आहे. पण फोन चार्जिंगला असतो माजघरात आणि कालनिर्णय असतं डोळ्यासमोर, पिठाच्या हातांनी बघता येणारं.

तर आता माझं वेळापत्रक. चतुर्दशीपासून चतुर्थीपर्यंत पुळण माझी. अमावास्या किंवा पौर्णिमेला पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त, त्यामुळे सकाळी सहाला एखादं मैदान उघडं पडावं तशी वाळू असते. प्रतिपदा-द्वितीया तर सोन्याचे दिवस. पंचमीपासून रुंदी कमी होत जाते आणि सप्तमी ते दशमी पहाटे पाणी नेमकं वर. हे भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. पण घट्ट पट्टा असतो पाण्याखाली आणि माझ्या वाट्याला येतो तो वरचा मऊ, उतरता भाग. त्या दिवसांत मी मुकाट्याने रस्त्यावर जाते.

वाळू धावण्याजोगी आहे की नाही, याची एक परीक्षा सांगते. ओल्या वाळूवर पाऊल ठेवलं की भोवती क्षणभर पांढुरकं, सुकल्यासारखं वर्तुळ दिसतं. ते दिसलं की वाळू घट्ट. ठशात लगेच पाणी भरलं तर तिथून लांब राहा, पोटरी दुखेल.

सुट्ट्या मात्र तिथी बघून येत नाहीत. पाहुणे येणार शनिवार-रविवारी. द्वितीया रविवारी आली, घरात अकरा माणसं नाश्त्याला, की मी पावणेपाचला उठते, नारळ खवून, तांदळाचं पीठ कालवून ठेवते आणि साडेपाचला बाहेर. साडेसातला तवा चुलीवर पाहिजे. एकदा षष्ठीला मी स्वतःशीच पैज मारली की असगोलीच्या टोकाला जाऊन येते. जाताना पाणी उतरत होतं, पण पुरेसं उतरायला अजून दोन-अडीच तास होते. सगळा परतीचा रस्ता मऊ वाळूतून, निम्मा चालत. घरी पोचले तेव्हा सासूबाई स्वतः घावनं घालत होत्या आणि एक पाहुणा त्यांना मदत म्हणून खोबरं किसत होता. त्या मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कालनिर्णयात षष्ठीच्या चौकोनावर पेन्सिलीने फुली मारलेली दिसली.

गुडघ्याची गोष्टही सांगायला हवी, कारण "वाळूवर धावलं की गुडघे टिकतात ना?" हा दुसरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. चिपळूणला जाऊन व्यायामोपचार करणाऱ्या बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, "धावता कुठून कुठे?" मी म्हटलं, पुळणीवरून दक्षिणेला जाते आणि येताना दूध घ्यायचं असतं म्हणून आतल्या रस्त्याने येते. त्या हसायलाच लागल्या. आमचा समुद्र पश्चिमेला. दक्षिणेकडे जाताना तो उजव्या हाताला, आणि पुळण तिकडेच उतरती. म्हणजे रोज तीन-चार किलोमीटर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा खालच्या पातळीवर आपटत होता, आणि परत येताना फिटंफाट होतच नव्हती. दुधासाठी गुडघा गेला! आता जितकं जाते तितकंच पुळणीवरूनच परत येते. दूध मुलगा आणतो, कुरकुरत.

सकाळच्या त्या वेळी किनाऱ्यावर असतं कोण? खेकड्यांनी बिळाभोवती टाकून ठेवलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या, थंडीत शेकड्यांनी बसलेले कुरव पक्षी, दोन-तीन कुत्री (हातात काठी ठेवते, उगारत नाही) आणि हिवाळ्यापासून कासवमित्र. ही मंडळी पहाटे पुळणीवर मादी कासवाचे माग शोधत चालतात. ऑलिव्ह रिडलेचा माग लहान ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा दिसतो, पाण्यातून वर गेलेला आणि परत आलेला. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चक्क कुणीतरी गाडी घातली म्हणून चडफडले होते. आता दिसला की मागाला वळसा घालते आणि फोन करते. शंभराच्या आसपास अंडी असतात, ती काढून कुंपणातल्या उबवणी केंद्रात नेऊन पुरतात. पिल्लं उजेडाकडे जातात, म्हणून मी अंधारातही विजेरी लावत नाही. आणि पाहुणेहो, पुळणीवर खरोखरच गाडी घालू नका. कासवांचं राहू द्या, भरतीत चाकं रुतली की तुम्हीच ट्रॅक्टर शोधत आमच्या दारात येता.

२०२३ च्या फेब्रुवारीत इथूनच दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवून त्यांना सोडलं. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. तेव्हा मी सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीत होते आणि आठवड्याला तीस किलोमीटर झाले की स्वतःची पाठ थोपटून घ्यायची. मावशींना बागेश्रीचं सांगितलं तर म्हणाल्या, "तिला नाश्ता नाही करावा लागत."

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. १ जूनपासून मासेमारी बंद, पाहुणे कमी, वेळच वेळ, आणि पुळणच नाहीशी! लाटा वाळू ओढून नेतात, उरलेला काठ तिरका होतो. वर डांबराचे गोळे येऊन पडतात. ते बुटाच्या तळाला चिकटले की साबणाने जात नाहीत, खोबरेल चोळावं लागतं. मग मी मोडकाआगरच्या बाजूला चढाचा रस्ता धरते. कडेच्या जांभ्यावर शेवाळ असतं, म्हणून डांबर सोडायचं नाही. मुसळधार पावसात धावायला मला आवडतं, पण बूट दोन दिवस वाळत नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीजवळ ठेवते, तीन तासांनी बोळे बदलते. घरात सगळ्यांना त्या वासाची सवय झाली आहे, असं मी समजते.

रस्त्यावरची गंमत वेगळी. इथे कुणी पायी पळताना दिसलं की लोकांना वाटतं अडचण आहे. पहिल्या वर्षी स्कूटरवाले थांबायचे, "वहिनी, बसा, सोडतो." एकदा एसटी थांबली. कंडक्टरने दार उघडून धरलं आणि मी हातवारे करून सांगतेय की नको, आणि आतले उतारू म्हणतायत, "अहो या, जागा आहे!" शेवटी मी चढले. पुढच्या थांब्यावर उतरले आणि परत धावत आले. आता तीच मंडळी खिडकीतून "आज किती?" विचारतात.

सातारला मात्र कुणी बसा म्हणालं नाही. ती शर्यत यवतेश्वरचा घाट चढून जाते, निम्मं अंतर वर आणि निम्मं खाली. मी दोन तास एक्केचाळीस मिनिटांत पोचले. चढाची सवय मोडकाआगरने लावली होती, उताराने मात्र मांड्या भरून आल्या. मला खरं नवल वाटलं ते हवेचं. इथे दमट हवेत घाम अंगावरच राहतो, गारवा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तर सहा किलोमीटरनंतर बुटात चपचप होते. म्हणून निघण्याआधी वाटीभर मीठ घातलेली पेज आणि आल्यावर कोकमाच्या आगळात पाणी, मीठ, थोडा गूळ. ते रंगीत पाण्याचं पाकीट एका पाहुण्याने दिलं होतं, अजून फडताळात आहे. सातारला वाऱ्याने कपाळ चक्क वाळलं. मी सारखा हात लावून बघत होते.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो, आणि दसरा-दिवाळीपर्यंत नेलेली वाळू थोडी थोडी परत आणून टाकतो. दरवर्षी जरा वेगळीकडे टाकतो, त्यामुळे पहिले काही दिवस मी नव्या ठिकाणी आल्यासारखी जपून पाय टाकते.

गेल्या आठवड्यात एक पाहुणी जेवण झाल्यावर म्हणाली, "काकू, उद्या येऊ का तुमच्याबरोबर? सूर्योदयाला बीचवर?" मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. सूर्य आमच्याकडे समुद्रात मावळतो, उगवतो तो वाड्यांच्या मागून. आणि उद्या सप्तमी आहे. यायचंच असेल तर पावणेसहाला पडवीत ये, चढाच्या रस्त्याने जाऊ. येताना दूध घेऊ.