दुकानातली वही

रविवार, १२ ऑक्टोबर

दिवाळीच्या आवराआवरीत आज माळ्यावरची अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. अण्णा गेल्यावर ओझरहून ती इथे गंगापूर रोडला आणली आणि तीन वर्षं तिला हात लावायचा धीर झाला नाही. वर मजुरांची हजेरी, खताच्या पावत्या, एक गंजलेली छाटणीची कात्री. तळाशी लाल कापडी बांधणीची जाड वही. पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली, कारण ती खिळ्याला टांगलेली असायची.

पाहताक्षणी ओळखली. आमच्या गावातल्या शेतीच्या औषधांच्या दुकानात, काट्याशेजारी ती लटकत असे. द्राक्षबागेत काही अडलं की ज्याने त्याने त्यात लिहायचं, नंतर येणाऱ्याला माहीत असेल तर त्याने खाली उत्तर लिहायचं. अण्णांबरोबर दुकानात गेले की मी तिच्याकडे बघत असे, पण मोठ्या माणसांची वही म्हणून कधी उघडली नव्हती. पुढे दुकान बंद झालं, तेव्हा ती अण्णांनी मागून घेतली असणार.

सकाळी अकराला चाळायला बसले ती अडीचला उठले. वरण गार झालं.

पहिलं पान १९९३ चं. कोणाचं अक्षर मोत्यासारखं, कोणाची ओळ उतरत उतरत पानाच्या कोपऱ्यात गेलेली. नाव कोणीच पूर्ण लिहीत नाही, नुसती सही किंवा शिवाराचं नाव. एकाने ऑक्टोबर छाटणीनंतर लिहिलंय, 'पोंगे निघाले पण घड दिसेनात. बरेच गोळी घड. कोणतं औषध मारू?' (पोंगा म्हणजे डोळ्यातून निघणारी कोवळी फूट, गोळी घड म्हणजे नीट न बनता गोळीसारखा आखडलेला घड.) खाली उत्तर : 'आता औषध नाही. मे महिन्यात काय केलं ते आठवा.' मला ते वाचताना तुटक वाटलं. पण त्याच माणसाने पुढचं पानभर समजावून लिहिलं आहे. आपल्याकडे थंड मुलखासारखी वेल झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटायची : एप्रिलमध्ये खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरात गोडी छाटणी फळासाठी. घड मात्र ऑक्टोबरात तयार होत नाही. खरड छाटणीनंतर नवी काडी वाढत असते, तेव्हाच तो डोळ्याच्या आत घडतो. त्या दिवसांत आभाळ राहिलं, पाणी आणि नत्र जास्त झालं, काड्यांची गर्दी होऊन उजेड आत पोचला नाही, तर डोळा रिकामा राहतो. शेवटी लिहिलंय, 'यंदा जे आहेत ते घड सांभाळा. एप्रिलात मला बोलवा, मी येतो.'

मी बागेत वाढले, तरी हे इतकं नीट मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं.

अण्णांचं अक्षर १९९६ च्या पानावर सापडलं. कोणीतरी कोवळ्या फुटींवर डाऊनी हा बुरशीचा रोग आल्याचं लिहिलं होतं. अण्णांनी उत्तर दिलं होतं : शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, एक टक्क्याचं बोर्डो मारा. पुढे तयार करायची रीत. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये भिजवा, लोखंडाला लावू नका. चुना वेगळा विरवून गाळून घ्या. मग तिसऱ्या भांड्यात दोन्ही एकदम ओता.

ते वाचताना अण्णा डोळ्यांपुढे आले. पहाटे अंगणात दोन ड्रम, दोन्हीकडून धार धरायची आणि मधल्या ड्रममध्ये एकदम आभाळी निळा रंग उतरायचा. अण्णा चाकू घासून लख्ख करायचे आणि त्या निळ्यात बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस थर चढला की म्हणायचे, 'मोरचूद मोकळं आहे, अजून चुना दे.' चुन्याची निवळी वाटीने ओतायचं काम माझं. पुन्हा चाकू पुसायचा, पुन्हा बुडवायचा. पातं स्वच्छ निघालं तरच पंपात भरायचं, तेही त्याच दिवशी संपवायचं. माझी नखं आठवडाभर निळी असायची आणि वर्गातल्या अर्ध्या मुलींचीही.

दोन पानं उलटल्यावर पुन्हा अण्णांचं अक्षर : 'मी दिलेला सल्ला चुकला. कोवळ्या पानांवर एक टक्का जहाल होतं, अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये. त्यांचे शेंडे करपले. बाग मी जाऊन पाहिली. पुढच्या कोणी वरचं पान वाचून तसं करू नये.' आधीचं उत्तर त्यांनी खोडलेलं नाही. समासात फक्त बाण काढून लिहिलंय, 'पुढे पाहा.'

ती संध्याकाळ मला आठवते. मी गाडीवर त्यांच्या मागे बसले होते. एका अनोळखी बागेत अण्णा ओळीओळीतून फिरत होते, एकेक शेंडा उलटून बघत होते. तिथल्या काकूंनी चहा दिला तो त्यांनी घेतला नाही. परत येताना एक शब्द बोलले नाहीत. माझं काही चुकलं असेल असं मला वाटत राहिलं होतं. एकोणतीस वर्षांनी कळलं.

नोव्हेंबर २००९ ची पानं सगळ्यात भरलेली आहेत. फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हाची. बागा फुलोऱ्यात आणि खाली चिखल. 'ट्रॅक्टर आत जात नाही, मॅन्कोझेबची धुरळणी केली.' मॅन्कोझेब म्हणजे बुरशीनाशक. 'घड हलवून पाणी झटकलं, सगळी घरची माणसं लावली.' 'घडकूज सुरू.' एका पानावर शाई फुटली आहे, लिहिणाऱ्याचा हात ओला असावा. त्या चार-पाच पानांत कोणी कोणाला हिंमत धरा वगैरे म्हटलेलं नाही. आपण काय केलं, किती वाजता केलं, किती वाचलं, एवढंच लिहिलंय. मला त्याच पानांचा सगळ्यात आधार वाटला.

त्यानंतर थोडीच पानं. २०१० ला सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, त्यावरून कडक वाद आहे. एकमेकांवर राग आहे, तरी प्रत्येकाने आपण कधी आणि किती मारलं ते लिहिलंय. मग डॉगरीज या कलमाच्या खुंटाबद्दल एक प्रश्न : 'डॉगरीजवर कलम केलं. वेल माजली, घड कमी. कोणी सांगेल का?' आणि खाली कोरं.

मला ते कोरं पान बघवेना. धाकट्याला फोन लावून प्रश्न वाचून दाखवला. तो लगेच म्हणाला, "ताई, त्या खुंटावर वेल जोर करतेच. खरड छाटणीनंतर नत्र आणि पाणी कमी करायचं, सबकेन करायची, म्हणजे काडी मध्येच खुडून बगलफूट वाढवायची, शेंडा वेळेत मारायचा. कोणाची बाग आहे?" मी म्हटलं, पंधरा वर्षांपूर्वीची. तो जरा थांबला. अण्णांचं बोर्डोचं पान वाचून दाखवलं तेव्हा आणखी थांबला.

त्याची अर्धी गोडी छाटणी झाली आहे, उरलेली पावसाच्या धाकाने ठेवली आहे. लवकर छाटलेल्या ओळींना पोंगे आलेत. म्हणाला, "फयानची पानं मला हवीत. कोणत्या अवस्थेत कोणी काय केलं ते बघायचंय." मी फोटो पाठवते म्हटलं, तर म्हणे, "फोटो नको. वही घेऊन ये, आईलाही बघायची असेल."

सुतळी कुजली आहे. नवी ओवून ठेवली. डॉगरीजच्या प्रश्नाखाली धाकट्याचं उत्तर त्यालाच लिहायला सांगणार आहे.