माझा अनुभव : माजघरातला डक्ट फॅन आणि ‘घर बंद’चा शेरा

आमचं घर आर्वी तालुक्यातल्या एका गावात. दोन्ही बाजूंना भाऊबंदांची घरं, भिंतीला भिंत लागलेली. त्यामुळे माजघराला खिडकीच नाही, आणि आई तिथेच झोपते. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की ओसरीतला कूलर आत हवा ढकलतो, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. तासाभरात अंग चिकचिकायला लागतं. साध्या एक्झॉस्टला बाहेरची भिंत लागते, म्हणून ४ इंची इनलाइन डक्ट फॅन घेतला. हा पाइपाच्या मधोमध बसतो. माजघरात छताजवळ जाळी, तिथून पाइप स्वयंपाकघराच्या माळ्यावरून थेट परसात.

भोक पाडणं, पाइप टाकणं बिनबोभाट झालं. बटण दाबलं तर पंखा नुसता घुंघुं करत राहिला, पातं काही फिरेना.

कस्टमर केअरचा पहिला प्रश्न व्होल्टेजचा. ‘ग्रामीण लाइन आहे ना, मग व्होल्टेजच कमी असेल.’ शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच सकाळी मल्टीमीटर लावला होता. २२८ दाखवत होता, म्हणजे व्होल्टेज ठीकच होतं. हे सांगून तक्रार नोंदवली. ‘तंत्रज्ञ आज येईल’ असा मेसेज आला आणि संध्याकाळी दुसरा : ‘ग्राहकाचे घर बंद. तक्रार बंद.’

आमचं घर बंद! आई दिवसभर ओसरीत बसून तूर निवडत होती. दारावरून कुत्रं गेलं तरी तिला कळतं. ‘काऊन रे बापू, आला नाही का तो पंखेवाला?’ असं ती मलाच विचारत होती.

पुन्हा तक्रार, नवा नंबर, पुन्हा व्होल्टेजपासून सुरुवात. या वेळी तंत्रज्ञाचा फोन आला : ‘ओटीपी सांगा, मग निघतो.’ तो ओटीपी काम झाल्याची पावती असतो. मेसेजमध्येच लिहिलं होतं की काम झाल्यावरच द्या. मी दिला नाही, तर शेरा पडला, ‘ग्राहकाचे सहकार्य नाही’. गाव लांब पडतं, हे मला समजतं. मग तसं सांगा ना! खोटं कशाला लिहिता? ते आठवलं की आजही डोकं तापतं.

शेवटी पंख्याचा घुंघुं आवाज आणि मल्टीमीटरचा आकडा एकाच व्हिडिओत घेतला, बिल जोडून कंपनीला ईमेल केला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार दिली. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर मात्र कंपनीचा स्वतःहून फोन आला. तंत्रज्ञ आला, मोटरच गेलेली निघाली, पंखा बदलून मिळाला. काम होईस्तोवर ओटीपी कुणालाही देऊ नका, समोरचा कितीही घाई करो.

आता पंखा रात्रभर चालतो, आई गाढ झोपते. माजघर १० बाय १२चं, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ताशी १०० घनमीटर हवा खरोखर बाहेर गेली तर खोलीतली हवा तासाला जवळपास तीनदा बदलते. पण आत यायला फट हवी. ओसरीकडचं दार घट्ट लावलं की पंखा नुसताच आवाज करतो.

पाइपाचं राहिलंच. पंख्याचं तोंड १०० मिमीच्या आसपास आणि दुकानातला पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिमी. तोंड आत जातं, पण सैल बसतं. तिथे ॲल्युमिनियम टेप नीट गुंडाळा. लवचीक डक्ट वापरलाच तर ताणून बसवा, लोंबता ठेवला की हवा अडते. पाइपाला परसाच्या दिशेने किंचित उतार द्या, नाहीतर आत साचलेलं पाणी मोटरकडे येतं. चुलीवरचा किंवा गॅसवरचा तेलकट धूर यातून काढू नका. तेल साचून आगीची भीती असते. आणि बाहेरच्या तोंडाला उंदीर शिरणार नाही अशी जाळी लावा, पण मच्छरदाणीइतकी बारीक नको. कापसाच्या दिवसांत ती तंतूंनी लगेच बुजते.