तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था मजबूत झाली हे कशावरून ओळखायचं?

मी विकास प्रकल्पांचं मूल्यमापन करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "रस्ता झाला तर किलोमीटर मोजता येतात, लसीकरण झालं तर मुलं मोजता येतात. स्थानिक संस्थांना बळ द्यायचा प्रकल्प असेल तर तुम्ही मोजता तरी काय?" विचारणारा जरा खवचट असेल तर त्याला शेपूटही असतं: "आणि प्रकल्पाला पैसे देणारा तोच, तुम्हाला मानधन देणाराही तोच. मग खरं कितपत लिहिता?"

शेपटाचं उत्तर शेवटी देते. मुख्य प्रश्नाचं उत्तर थोडक्यात असं, की मी संस्थेचे निर्णय शोधत जाते. कुणी घेतले, कुणाला विचारून घेतले, आणि त्यांतला एखादा तरी पैसे देणाऱ्याला न रुचणारा होता का. गुण, धोरणं, अहवाल हे सगळं मी बघते. पण बघते ते निर्णयांपर्यंत पोचायला.

या प्रकल्पांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच. वर निधी देणारी संस्था, मधे एक मोठी संस्था, खाली पंधरा-वीस लहान स्थानिक संस्था. मुदत तीन-चार वर्षं. प्रशिक्षणं होतात, थोडं अनुदान मिळतं, हिशेब आणि अहवाल नीट करायला शिकवणारा कुणीतरी येत-जात राहतो. सुरुवातीला प्रत्येक संस्थेकडून क्षमतेचा फॉर्म भरून घेतात: कारभार, हिशेब, मनुष्यबळ, नियोजन, लोकांशी संबंध, प्रत्येकाला एक ते चार गुण. प्रकल्प संपताना तोच फॉर्म पुन्हा. सरासरी वर गेली की क्षमता वाढली, असा अहवाल तयार.

या गुणांवर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याचं कारण लबाडी हे नाही. समजा, पहिल्या वर्षी खजिनदाराने हिशेबाला चारपैकी तीन दिले. वही आहे, पावत्या आहेत, ऑडिट होतं, मग तीन का नकोत? पुढे प्रशिक्षणात त्याला कळतं की बँकेच्या खातेउताऱ्याशी दर महिन्याला ताळमेळ घालायचा असतो. खर्च मंजूर करणारा आणि पैसे देणारा हे एकच असू नयेत. तो ताळमेळ घालायला लागतो, सह्यांची पद्धत बदलतो आणि शेवटच्या वर्षी स्वतःला दोन गुण देतो, कारण काय काय राहिलंय ते आता त्याला दिसतं. संस्था सुधारली आणि गुण घसरले. मोजणाऱ्याची पट्टीच मधल्या काळात बदलली, ही गोष्ट मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी 1970 च्या दशकातच नोंदवली आहे. त्यावर उपाय म्हणून शेवटी असं विचारतात: आज जेवढं कळतं त्यावरून तेव्हाच्या तुमच्या संस्थेला किती गुण द्याल? उपाय बरा आहे, पण त्यालाही फट आहे. प्रगती दिसावी म्हणून लोक भूतकाळ जरा जास्तच काळा रंगवतात.

म्हणून मी आकड्यापेक्षा आकडा ठरताना होणारा वाद ऐकते. गावोगाव फिरणारी कार्यकर्ती "लोकांशी संबंध" याला एक देते आणि अध्यक्ष चार देतात, तेव्हा खोलीत जे काही होतं ते कुठल्याही तक्त्यात मावत नाही. तिला बोलू देतात का? अध्यक्ष चिडतात, की "कशावरून म्हणतेस?" असं विचारतात? सगळ्यांनी पटापट एकच आकडा सांगितला तर समजावं की फॉर्म आदल्या दिवशीच भरून झालाय. आणि पुढचं अनुदान याच गुणांवर ठरणार असेल तर मग फॉर्म भरूच नये. माप हेच उद्दिष्ट झालं की त्याची माप म्हणून किंमत जाते, हा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. त्यांनी तो 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडला होता, पण संस्थांच्या क्षमतेच्या फॉर्मला तंतोतंत लागू पडतो.

दुसरी गोष्ट कागदांची. प्रकल्पाच्या अखेरीस प्रत्येक संस्थेच्या कपाटात फायलींची रांग असते: आर्थिक धोरण, खरेदी धोरण, बालसुरक्षा धोरण, लिंगसमभाव धोरण. यांतली एखादी फाइल उघडून सातव्या-आठव्या पानावर जावं, तिथे भलत्याच संस्थेचं नाव निघतं. शोधून बदलायचं राहून गेलेलं असतं. चार माणसांच्या संस्थेचं खरेदी धोरण असं असतं: दरपत्रकं तीन हवीत, निवड समिती तिघांची, मंजुरी देणारा चौथा, माल ताब्यात घेणारा पाचवा. पाचवा आणायचा कुठून, हा प्रश्न धोरण लिहून घेणाऱ्याला पडलेला नसतो. डिमॅजिओ आणि पॉवेल या समाजशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये याची मीमांसा केली होती. एकाच क्षेत्रातल्या संस्था हळूहळू एकमेकींसारख्या दिसू लागतात. तसं केल्याने काम सुधारतं म्हणून नव्हे, तर त्याने मान्यता मिळते म्हणून. मी या फायलींना हसत नाही. मागितलं ते त्यांनी दिलं. हसायचंच तर मागणाऱ्याला हसावं.

फायलींपेक्षा मला सभेच्या इतिवृत्ताची वही प्रिय. तिच्यात लबाडी करणं अवघड असतं असं नाही, पण कंटाळवाणं असतं, त्यामुळे केलेली लगेच दिसते. वर्षभराच्या सभा एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या. प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर. तारखा नेमक्या अहवाल पाठवायच्या आठवड्यातल्या. अशी वही मी पाच मिनिटांत मिटते. मी शोधते ती खाडाखोड. पुढच्या सभेवर ढकललेला विषय. "या मुद्द्यावर बरीच चर्चा झाली" असं एक वाक्य, आणि त्याखाली दोन विरोधकांची नावं.

अपंग व्यक्तींच्या एका संस्थेच्या वहीत मला असा ठराव सापडला. त्यांना शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी पैसे देऊ केले होते. संस्था मात्र बऱ्याच काळापासून अपंगत्वाचे दाखले मिळण्यातल्या दिरंगाईच्या मागे लागलेली. पहिल्या सभेत विषय स्थगित. दुसऱ्या सभेत एका सदस्याचं म्हणणं नोंदवलंय: शिवणयंत्रं घेऊ, पण मग दाखल्यांसाठी कचेरीत जायचं कुणी? शेवटी पैसे घेतले, पण अर्धवेळ एका माणसाचा पगार दाखल्यांच्या कामासाठी त्यात बसवून घेतला. पैसे देणाऱ्याशी त्यावर दोन महिने पत्रव्यवहार चालला. मी आधी अध्यक्षांना विचारलं, मग विरोध करणाऱ्या सदस्याला, मग समितीत नसलेल्या एका सभासदाला. तिघांच्या हकिकती एकमेकींशी पूर्ण जुळत नव्हत्या. अध्यक्षांच्या मते ती युक्ती त्यांची, सदस्याच्या मते त्याची. पण असं काही झालं, त्यावर वाद झाला आणि दाखल्यांचं काम सुटलं नाही, हे तिघांनीही सांगितलं. क्षमतेच्या फॉर्ममध्ये या गोष्टीला कुठेही जागा नव्हती. माझ्या अहवालातलं सगळ्यात भक्कम पान मात्र तेच होतं.

मूल्यमापनाच्या निकषांबद्दलही विचारतात. मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीने 1991 मध्ये पाच निकष मांडले: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी परिणाम आणि शाश्वतता. 2019 मध्ये सुसंगतीची भर पडली. चांगले आहेत, मी वापरते. फक्त शाश्वततेचा प्रश्न या प्रकल्पांत चुकीच्या जागी विचारला जातो. प्रकल्पाचे उपक्रम पुढे चालतील का, असं कार्यकक्षेत, म्हणजे मूल्यमापकाने काय बघायचं ते ठरवणाऱ्या कागदात, लिहिलेलं असतं. अहो, पैसे संपल्यावर संस्थेने प्रकल्पाचे निम्मे उपक्रम बंद केले आणि स्वतःचं मूळ काम जोरात सुरू केलं, तर ते यशच की!

आता बदलाचं श्रेय. संस्था सांगते, स्थानिक प्रशासनाने लाभार्थ्यांच्या याद्या फलकावर लावायला सुरुवात केली ती आमच्या पाठपुराव्यामुळे. इथे मी आउटकम हार्वेस्टिंग नावाची पद्धत वापरते. रिकार्डो विल्सन-ग्राउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूढ केली. आधी ठरवलेल्या निर्देशकाला धरून न बसता झालेला बदल आधी पकडायचा आणि तिथून मागे जायचं. वागणूक कुणाची बदलली, काय बदललं, कधी, कुठे, आणि संस्थेचा त्यात हात कोणता, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढायचं. मग ते वाक्य बाहेरच्या जाणत्या माणसासमोर ठेवायचं. कचेरीतला कारकून म्हणतो, याद्या लावायचा आदेश वरूनच आला होता. मग पुढचा प्रश्न: आदेश तर सगळीकडेच आला होता, शेजारच्या भागात याद्या का नाही लागल्या? तो जरा थांबतो आणि म्हणतो, "इथे ही माणसं दर सोमवारी येऊन बसायची." हे एवढं हाती लागलं की पुरे. संपूर्ण श्रेय कुणाचंच नसतं. जॉन मेन यांनी मांडलेलं योगदानाचं विश्लेषण तेच सांगतं. हातभार लागला का, आणि तो नसता तर काय झालं असतं, एवढं पटण्याजोगं मांडता आलं पाहिजे.

पैशाच्या बाबतीत मी जरा कडवट आहे. 2016 मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी एक करार केला, ग्रँड बार्गेन. मानवतावादी मदतीचा किमान 25 टक्के निधी 2020 पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे जाईल, असं ठरलं. तो शब्द पाळला गेला नाही. विकास प्रकल्पांतही तेच: कार्यशाळेला पैसे आहेत, हॉलच्या भाड्याला आहेत, पण हिशेबनिसाच्या पगाराला आणि कचेरीच्या विजेला नाहीत. मग मूल्यमापकाला विचारतात, संस्था अजून स्वतःच्या पायावर उभी का नाही?

20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने परदेशी विकास मदत 90 दिवसांसाठी थांबवली आणि 1 जुलैपासून यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचं नावच मदतीच्या नकाशावरून गेलं. तेव्हापासून माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न कायमचा आला आहे: पैसे थांबले त्या महिन्यात तुम्ही काय केलंत? ज्यांना पैसे अमेरिकेकडून येत नव्हते त्यांनाही विचारते, कारण हप्ता उशिरा येण्याचा अनुभव सगळ्यांनाच असतो. उत्तरात पहिला शब्द "कर्मचारी" येतो की "सभासद", याकडे माझे कान असतात. "कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं" आणि "सभासदांची बैठक बोलावली" ही दोन अगदी वेगळ्या संस्थांची उत्तरं आहेत.

त्यामुळेच मी पैसे देणाऱ्याचंही मूल्यमापन अहवालात घालते, कार्यकक्षेत नसलं तरी. हप्ते वेळेवर आले का, अहवालाचा नमुना मधेच किती वेळा बदलला, संस्थेचा कितीसा वेळ त्यातच गेला. एका संस्थेला बळ देणं आणि तिला दर तिमाहीला दमवणं ही दोन्ही कामं एकच प्रकल्प अगदी प्रामाणिकपणे करू शकतो.

आता ते शेपूट. हो, दडपण असतं. कुणी धमकी देत नाही. मसुद्यावर शेरे येतात. "अपयश" च्या जागी "आव्हान", "झालं नाही" च्या जागी "अंशतः साध्य". शब्द बदलायला मी सहसा तयार असते, पुरावा बदलायला नाही. शेरे आणि माझी उत्तरं यांचा तक्ता परिशिष्टात ठेवायचा, ही अट मी करारातच घालते. त्या एका अटीने निम्मे शेरे लिहिलेच जात नाहीत. सगळं छापायचंच असंही मात्र नाही. जिथे संस्थांवर सरकारची वक्रदृष्टी आहे तिथे कुणी, कुणाविरुद्ध, कोणत्या सभेत काय म्हटलं हे जाहीर अहवालात लिहिणं म्हणजे त्या माणसाला अडकवणं. तिथे दोन प्रती करते, आणि जाहीर प्रत मिळमिळीत वाटते हे मला ठाऊक असतं.

मला विचाराल तर खरी अडचण दडपणाची नाहीच, वेळेची आहे. प्रकल्पाचा शेवटचा महिना, निरोपसमारंभाची तयारी, आणि त्यात आम्ही विचारत फिरतोय, बळ आलं का? जपानची जायका ही संस्था प्रकल्प संपल्यावर साधारण तीन वर्षांच्या आत परत जाऊन मूल्यमापन करते, आणि तिथे त्यासाठी वेगळी तरतूद असते. लहान संस्थांच्या क्षमतेवर पैसे लावणारे तेवढं थांबत नाहीत. कारण विचारलं तर सांगतात, तोवर प्रकल्पातली माणसं पांगलेली असतात, भेटणार कुणाला? प्रकल्पातली माणसं पांगतात, खरंय. सभासद कुठे पांगतात?